तीस वर्षांची वहिवाट, इसवी सन ९६० : एका ऑनलाइन वर्गाचा अनुभव

कराडच्या दिवाणी कोर्टात मी चोवीस वर्षं वकिली करते आहे. कामं बहुतेक जमिनीची: सरस-निरस वाटप, कोरलेले बांध, अडवलेले रस्ते, मनाई हुकूम. साक्षीदार मराठीत बोलतो, कामकाजही मराठीत चालतं. पण अपील उच्च न्यायालयात गेलं की साक्षींचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते मी स्वतः बसून करते. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या साक्षीदाराने उलटतपासणीत सांगितलं होतं, "दर नांगरटीला एकेक तास घेत त्यांनी आमचा बांध कोरला." इंग्रजीत त्याचं 'एन्क्रोचमेंट केली' एवढंच उरलं. नांगराचं एक तास, म्हणजे नांगराच्या एका फेरीने पडलेली चर, पुढच्या साली आणखी एक, हे सगळं गेलं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्यापायीच मी हा वर्ग लावला.

वर्गाचा विषय होता मध्ययुगीन युरोपातले कायद्याचे दस्तऐवज, त्यातली लॅटिन आणि त्यातली लोकभाषा. आठ शनिवार, रात्री साडेआठ ते साडेदहा, आपल्याकडचे साधारण चौदा हजार रुपये. संस्था परदेशातली आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे दोन-तीन तक्रारीही आहेत आणि मी पाहिली ती एकच तुकडी. शिकवणाऱ्या बाईंचा जन्म दप्तरखान्यात गेलेला. लॅटिन येत नसलं तरी चालेल असं जाहिरातीत म्हटलं होतं आणि ते खरं निघालं.

पहिले दोन शनिवार नुसती अक्षरं. चर्मपत्र महाग, लिहिणारा घाईत, त्यामुळे शब्द तोडून लिहायची रीत. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की तिथला म किंवा न गाळलाय असं समजायचं. पी अक्षराच्या खालच्या दांडीला छेद दिला की 'पेर' वाचायचं. वर्गातली बाकीची मंडळी इथे अडखळत होती, मला मात्र सोपं गेलं. आमच्या घरातल्या मोडी कागदांवर परगण्याचं 'प॥' आणि मुक्कामाचं 'मु॥' मी लहानपणापासून वाचत आलेय. मोडी येणाऱ्यांनी हा वर्ग बेधडक लावावा, पहिल्या दोन आठवड्यांची मेहनत निम्म्याने वाचते.

तिसरा शनिवार मी कधी विसरणार नाही.

बाईंनी पडद्यावर एक चर्मपत्र लावलं. मार्च ९६०, दक्षिण इटलीतलं कापुआ, न्यायाधीश आरेकिसी. दावा जमिनीचा. एका बाजूला मोन्ते कास्सिनोचा मठ, त्याच्या वतीने मठाधिपती आलिगेर्नो. दुसऱ्या बाजूला आक्विनोचा रोदेल्ग्रिमो, त्याचं म्हणणं की या जमिनी वारसाहक्काने आमच्या. मठ ८८३ साली सारासेनांच्या, म्हणजे अरब मुस्लिम फौजांच्या, हल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता, भिक्षू परागंदा झाले होते, आणि परत आल्यावर आलिगेर्नो विखुरलेल्या जमिनी गोळा करत होता. मठाची कैफियत सरळ होती: तीस वर्षं वहिवाट आमची आहे. आपल्याकडे प्रतिकूल कब्जाला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या उघड ताब्यातून मालकी सांगायला, बारा वर्षं लागतात, तिथे तीस. बाकी सगळं मला इतकं ओळखीचं होतं की मी खुर्चीत पुढे सरकून बसले.

दस्तऐवज पहिल्यापासून लॅटिनमध्ये आहे. तारीख, राजवट, पक्षकार, म्हणणं, सगळं ठरलेल्या साच्यात. मग साक्षीदार येतात. तिघे जण, एकेकटे. जमिनीच्या सीमा लिहिलेला कागद हातात धरून प्रत्येक जण तेच वाक्य म्हणतो, आणि लिहिणारा ते लॅटिनमध्ये न घालता जसं बोललं तसं उतरवतो:

"साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फिनी के की कोन्तेने, त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ती बेनेदिक्ती."

मराठीत मी ते माझ्या वहीत असं लिहिलं: "त्या जमिनी, इथे लिहिल्यात त्या चतुःसीमांप्रमाणे, तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या पक्षाच्या वहिवाटीत आहेत, हे मला ठाऊक आहे." संत बेनेडिक्टचा पक्ष म्हणजे मठ. 'पेर केल्ले फिनी' म्हणजे थेट आपली चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, असं आपण प्रत्येक खरेदीखतात लिहितो, तेच. इटालियन भाषेच्या इतिहासात हे वाक्य फार मानाचं आहे, कारण लिहिणाऱ्याला आपण लॅटिनपासून वेगळी भाषा लिहितोय याची जाणीव असल्याचा तो सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. आणि तो पुरावा कुठल्या कवितेत सापडला नाही, जमिनीच्या दाव्यात सापडला. दिवाणी वकिलाने याचा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं.

मी लगेच हात वर करून विचारलं, हे साक्षीदार शेतकरी होते का? बाई म्हणाल्या, नाही. तिघेही चर्चशी बांधलेले, धर्मकार्यातले लोक. लॅटिन त्यांना येत असणार. वाक्यही आधी ठरवून दिलेलं होतं. मी जरा खट्टू झाले. मला तिथे बांधावरचा माणूस हवा होता. पण मग त्यांनी पुढे विचारलं, लॅटिन येणाऱ्या माणसांना न्यायाधीशाने बोलीभाषेत शपथ का घ्यायला लावली? कारण शपथ चारचौघांत घ्यायची होती. जमलेल्या माणसांना उद्या सांगता यायला हवं होतं की आम्ही ऐकलं, जमीन मठाची आहे. निकाल टिकवायचा तर तो गावाच्या कानावर पडायला हवा. मठाच्या बाजूने निकाल लागला, आणि त्या भागात ९६३ साली याच मजकुराची आणखी तीन प्रकरणं झाली.

एक बारकावा बाईंनी बोट ठेवून दाखवला. बोलीभाषेतल्या त्या वाक्याच्या शेवटी 'सांक्ती बेनेदिक्ती' मात्र लॅटिन विभक्तीतच राहिलं आहे. आमचा साक्षीदारसुद्धा अस्सल कराडी मराठीत बोलता बोलता 'प्रतिवादी नंबर दोन' म्हणतोच. कोर्टात उभं राहिलं की कोर्टाचा एखादा शब्द तोंडात येतो.

चौथा शनिवार 'जाक्सनश्पीगल'चा, म्हणजे सॅक्सन लोकांच्या रूढ कायद्याच्या संग्रहाचा. आइके फॉन रेपगोने तेराव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात तो आधी लॅटिनमध्ये रचला आणि काउंट होयर फॉन फाल्केनश्टाइनच्या आग्रहाने जर्मनमध्ये आणला. जर्मनमध्ये आणताना किती जड गेलं हे त्याने पद्यमय प्रस्तावनेत सांगितलं आहे. भाषांतराच्या कागदांवर रात्र काढलेल्या माणसाला ते वाचून बरं वाटतं. याच्या चार सचित्र प्रती टिकल्या आहेत, त्यांतली हायडेलबर्गची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. वर्ग नाही लावला तरी ती जरूर उघडून बघा. समासात कलमांची चित्रं आहेत. पायांना पट्ट्या गुंडाळलेला स्लाव्ह माणूस, म्हणजे वेंड, चटकन ओळखू येतो.

तो वेंड तिथे का आहे? तिसऱ्या भागातलं एकाहत्तरावं कलम सांगतं की ज्याच्यावर आरोप आहे त्याला जर्मन येत नसेल आणि त्याने तसं शपथेवर सांगितलं, तर त्याच्या जन्मभाषेत आरोप सांगितल्याशिवाय उत्तर देणं तो नाकारू शकतो. मात्र यापूर्वी त्याने कोर्टात जर्मनमध्ये फिर्याद किंवा जबाब दिला असेल, तर ही सवलत गेली. मी ते दोनदा वाचलं. आपल्या फौजदारी प्रक्रियेतही आरोपीला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्याला समजेल त्या भाषेत सांगावा अशी तरतूद आहे, आणि ती पाळताना किती घाई होते हे मी पाहिलंय. त्या कलमाला पुढे काय झालं तेही बाईंनी लपवलं नाही: १२९३ मध्ये जर्मनीतल्या आनहाल्टच्या कोर्टांतून स्लाव्ह बोलीला बंदी आली. लोकभाषा कोर्टात आली म्हणजे सगळ्यांची आली असं नसतं. जर्मन आत आली तेव्हा वेंडांची भाषा बाहेर गेली.

इंग्लंडला दोन शनिवार दिले. केंटचा राजा एथेलबर्ट याचे इसवी सन ६०० च्या सुमाराचे कायदे इंग्रजीतच होते, हे मला माहीत नव्हतं. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर नोंदी लॅटिनमध्ये आणि हळूहळू कोर्टातला युक्तिवाद फ्रेंचमध्ये गेला. १३६२ च्या कायद्याने सांगितलं की फ्रेंच लोकांना फारशी कळत नाही, आपल्या बाजूने काय बोललं जातंय आणि विरुद्ध काय हेही पक्षकाराला समजत नाही, म्हणून युक्तिवाद इंग्रजीत करा आणि नोंद लॅटिनमध्ये ठेवा. हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. नोंदीतली लॅटिन १६५० ते १६६० चं दशक सोडलं तर थेट १७३३ पर्यंत टिकली. वकिलांची फ्रेंचही नावाला उरली होती. १६३१ सालच्या सॉल्झबरीच्या एका टिपणात शिक्षा झालेल्या कैद्याने न्यायाधीशावर 'ब्रिकबॅट' (विटेचा तुकडा) फेकली आणि ती 'नॅरोली मिस्ट' (थोडक्यात चुकली) असं फ्रेंच वाक्यात इंग्रजी शब्द घालून लिहिलंय. वर्गात हसू झालं. पुढची ओळ वाचल्यावर सगळे गप्प: त्याचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकला आणि त्याला तिथेच, कोर्टासमोर, लटकावलं. तीन भाषांच्या त्या खिचडीत एक माणूस गेला, आणि त्याला त्यातलं किती समजलं असेल हे मी अजून मनात घोळवतेय.

आता तक्रारी. सातव्या शनिवारी स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो आणि त्याच्या 'सिएते पार्तिदास' या कायद्याच्या संहितेला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. लॅटिन सोडून कॅस्टिलियनमध्ये एवढी मोठी संहिता बांधणारा राजा वीस मिनिटांत उरकायचा? कोर्टाचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहायला लावणारा फ्रान्सचा १५३९ चा विले-कोत्रेचा आदेश त्याच तासात कोंबला होता. इंग्लंडचा एक शनिवार कमी करून तो इकडे द्यायला हवा होता. दुसरं, दस्तऐवजांच्या छापील प्रतींचा संच टपालाने येणार होता, तो सहाव्या आठवड्यात पोचला आणि वर मला आयात शुल्क भरावं लागलं. तोपर्यंत लॅपटॉपवर मोठं करून करून डोळे गेले. तिसरं, वर्गाची चित्रफीत फक्त तीस दिवस उघडी राहते. कामधंदा असलेल्या माणसाला हे अपुरं आहे. मी तारखांमुळे पाचवा वर्ग चुकवला आणि तो घाईघाईत पाहिला. फ्रेंच मुळीच येत नसेल तर पाचवा-सहावा वर्ग जड जातो हेही आधीच सांगायला हवं होतं.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने आपल्याकडचा एक कागद आणायचा होता. मी त्या म्हाताऱ्याच्या साक्षीची नक्कल, त्यावरची नावं झाकून, पडद्यावर ठेवली आणि 'तास' म्हणजे काय ते नांगराचं चित्र काढून समजावलं. बाईंनी सुचवलं की भाषांतरात मूळ शब्द कापुआच्या लेखनिकाप्रमाणे तसाच ठेवावा आणि पुढे त्याचा अर्थ द्यावा. परवा एका अपिलाच्या कागदांत मी तसंच केलंय: 'बांध कोरणे' देवनागरीत, त्यापुढे दोन ओळींत इंग्रजी खुलासा. पुढची तुकडी जानेवारीत सुरू होतेय. छापील संच हवा असेल तर नाव घालतानाच मागवा.