घरच्या घरी दगडावर अक्षरे कोरण्याचा छंद : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी घरी दगडावर अक्षरे कोरायला सुरुवात केली, त्याला आता दहा महिने झाले. या काळात विजेवर चालणारे कोरणी यंत्र आणि हाताच्या छिन्न्या अशी दोन्ही प्रकारची हत्यारे मी वापरली, पाच प्रकारचे दगड हाताखालून गेले आणि लहानमोठ्या सव्वीस पाट्या पूर्ण झाल्या. सुरुवातीला मी जेथे जेथे माहिती शोधली, तेथे सगळी चर्चा हत्यारांचीच होती. कोणता दगड घ्यावा आणि तो का घ्यावा, हे कोणी नीट सांगत नव्हते. माझे पहिले तीन महिने त्यामुळेच वाया गेले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी आधी यंत्र घेतले. बत्तीसशे रुपयांचा संच होता. त्यात मिनिटाला तीस हजार फेरे घेऊ शकणारी लहान मोटर, तिला जोडायचा लवचिक दांडा आणि हिऱ्याची भुकटी बसवलेली वीस टोके होती. घरात स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा पडून होता, त्यावरच मी पहिले अक्षर गिरवले. टोक दगडावर टेकताच ते एका बाजूला सरकत असे. हात स्थिर धरला, वेग कमी केला, टोक बदलले, तरी रेघ थरथरलेलीच येत होती. तो हाताचा दोष असावा, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. खरे कारण ग्रॅनाइटच्या घडणीत आहे. ग्रॅनाइट म्हणजे निरनिराळ्या खनिजांच्या दाण्यांची घट्ट वीण असते, आणि त्यातले क्वार्ट्झ मोहसच्या काठिण्यश्रेणीत (एक ते दहा अशी श्रेणी; आकडा जितका मोठा तितके खनिज कठीण) सातव्या क्रमांकावर, फेल्डस्पार सहाव्या क्रमांकावर, तर काळे चमकणारे अभ्रक तिसऱ्याच्या आसपास येते. अभ्रकात सहज उतरणारे टोक शेजारच्या क्वार्ट्झच्या दाण्यावर आदळले की उसळी घेते. सरावलेल्या हाताला हे सांभाळता येते, नवशिक्याने मात्र ग्रॅनाइटपासून आरंभ करू नये.

त्याहून गंभीर गोष्ट धुळीची होती. पहिल्या तासाभरातच गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढुरका थर बसला आणि रात्री मला कोरडा खोकला सुरू झाला. ग्रॅनाइटच्या आणि वालुकाश्माच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि दीर्घकाळ ते होत राहिले तर सिलिकोसिस होतो, जो पुढे बरा होत नाही. दगडखाणींतील व दगडकामातील हजारो कामगार या आजाराने पिडलेले आहेत. राजस्थान सरकारने तर २०१९ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. ज्यांना पोटासाठी ही धूळ गिळावी लागते त्यांच्यापुढे पर्याय नसतो. छंद म्हणून हे काम करणाऱ्यापुढे तो असतो, आणि त्याने तो वापरलाच पाहिजे. मी त्या दिवसापासून ग्रॅनाइटवर कोरडे यंत्रकाम करणे पूर्ण बंद केले. पाणी मारत काम केले तर धूळ बसते हे खरे, परंतु हातात विजेचे यंत्र आणि शेजारी पाणी ही जोडी मला घरात नको होती.

यंत्राबद्दल आणखी एवढेच सांगते की वीस मिनिटांच्या वर चालवले की त्याची मूठ हातात धरवत नसे आणि पाचव्या महिन्यात लवचिक दांड्याच्या आतील तार तुटली. खोक्यावर दगडावर कोरकाम करणाऱ्या हाताचे चित्र छापलेले होते, तरी दगडावर वापर केल्यामुळे हमी लागू होत नाही असे उत्तर विक्रेत्याकडून मिळाले. नवा दांडा मी पदरच्या पैशांनी आणला. आता ते यंत्र फक्त दगडाच्या पाठीमागे खिळ्यासाठी भोके पाडण्यापुरते आणि कडा गोल करण्यापुरते निघते.

दिशा बदलली ती फरशीच्या वखारीत. तेथे तुटलेल्या फरश्यांचा ढीग एका बाजूला टाकलेला असतो आणि ते तुकडे नाममात्र पैशांत मिळतात. मी शहाबादी, कडप्पा, कोटा आणि पांढरा संगमरवर यांचे दोन-दोन तुकडे आणले. यांपैकी पहिले तीन चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवर म्हणजेही उष्णतेने व दाबाने रूप पालटलेली चुनखडीच होय. या सर्वांतील मुख्य खनिज कॅल्साइट, आणि त्याचे काठिण्य तीन. पोलादाची साधी छिन्नीदेखील त्यात उतरते. हाती आलेला दगड चुनखडीचा आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की न घासलेल्या कोपऱ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत; बारीक बुडबुडे उठले तर तो चुनखडीचा. ही परीक्षा मला नंतर वेगळ्या प्रकारेही आठवली. एका कडप्प्याच्या पाटीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी मी फरशी धुण्याचे आम्ल लावले आणि दोन मिनिटांत तिची सगळी चकाकी उडून दगड राखेसारखा करडा झाला. ज्या दगडावर व्हिनेगर फसफसते त्यावर आम्ल घालू नये, हे मला आधीच सुचायला हवे होते.

या चारांत नवशिक्याने शहाबादीच घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव पडले आणि आपल्याकडच्या जुन्या घरांतून, वाड्यांच्या सोप्यांतून ती सर्वत्र दिसते. तिचा दाणा इतका बारीक व एकजीव असतो की छिन्नी ज्या दिशेला वळवावी त्या दिशेला वळते. तिचा एक दोष लक्षात ठेवावा. ही फरशी थराथरांनी बनलेली असते, त्यामुळे छिन्नी फार आडवी धरली तर अक्षराच्या काठाने पापुद्रा सुटतो. तुकडा निवडताना तो एका हातात अधांतरी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. खणखणीत आवाज आला तर आत फट नाही, बद्द आवाज आला तर तो तेथेच ठेवून द्यावा. कडप्पा थोडा अधिक कठीण आहे, पण त्याच्या घोटलेल्या काळ्या पृष्ठभागावर कोरलेली रेघ आपोआप पांढुरकी उमटते आणि रंग भरण्याची गरजच राहत नाही. संगमरवर दिसायला मऊ असला तरी त्याचे दाणे साखरेसारखे असतात आणि छिन्नीचा घाव सरळ उभा बसला तर आत पांढरा ठिपका उमटतो, जो घासूनही जात नाही.

छिन्न्यांचा संच मी चौदाशे रुपयांना घेतला: सहा, दहा आणि सोळा मिलिमीटर पात्यांच्या तीन सपाट छिन्न्या आणि एक टोकदार. चारहींच्या टोकांना टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवलेले आहेत. हातोडी तीनशे ग्रॅमची आहे; याहून जड हातोडी अक्षरांच्या कामाला लागत नाही. दहा महिन्यांत सहाच्या छिन्नीला फक्त दोनदा धार लावावी लागली. कार्बाइड साध्या सहाणेवर घासले जात नाही, त्यासाठी हिऱ्याची भुकटी बसवलेली पाटी लागते, हे मात्र संच घेताना विचारून ठेवावे. कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते. दहाची छिन्नी माझ्या हातून एकदा फरशीवर पडली आणि तिच्या कोपऱ्याचा टवका उडाला.

छिन्नी कशी धरावी हे मला आमच्या गल्लीत पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडून तो पुन्हा खरखरीत करायला, येणाऱ्या मावशींनी शिकवले. त्या आईच्या पाट्याला टाकी लावत असताना मी माझी पाटी त्यांना दाखवली आणि दोन घाव घालून दाखवले. त्या म्हणाल्या, "ताई, एवढी आवळू नका, हात भरून येईल. सैल धरा, छिन्नी आपली आपण चालते." मग त्यांनी माझ्या हातोडीचा दांडा मध्यावर धरायला लावला आणि घाव मनगटातून नव्हे तर कोपरातून, अगदी हलका आणि एकसारख्या ठेक्यात घालायला सांगितले. दहा मिनिटांचा तो पाठ होता. त्यानंतर माझी रेघ सरळ येऊ लागली आणि अंगठ्याच्या मुळाशी होणारे दुखणे थांबले.

आता प्रत्यक्ष कोरण्याबद्दल. अक्षर मी आधी कागदावर बोरूने काढते, कागदाच्या पाठीमागे पांढरा खडू घासते आणि कडप्प्यावर ठेवून गिरवते. शहाबादीवर कार्बन कागद चालतो. बोरूच्या अक्षराला जाड-बारीक वळण असते आणि दगडात त्याचे रूपांतर फार सुंदर रीतीने होते. खाच इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची घ्यायची आणि तिच्या दोन्ही उतारांचा कोन सर्वत्र सारखा ठेवायचा. मग जाड रेघ आपोआप खोल होते आणि बारीक रेघ उथळ राहते. माझ्या पाट्यांत सहा मिलिमीटर रुंदीच्या रेघेची खोली साधारण तीन मिलिमीटर भरते. ऊन तिरपे पडले की खाचेचा एक उतार उजळतो आणि दुसरा काळोखात राहतो, आणि अक्षर रंगाशिवाय वाचता येते.

देवनागरीत सर्वांत जास्त पाट्या बिघडल्या त्या शिरोरेषेपाशी. मी आधी शिरोरेषा एका दमात पूर्ण कोरत असे आणि मग काने व दंड खालून वर नेत तिला भिडवत असे. शिरोरेषेला भिडण्याच्या क्षणी तेथला कोपरा हमखास उडायचा, कारण दगडाला ज्या बाजूला आधार नसतो त्या बाजूला तो फुटतो, आणि समोर तर आधीच खोदलेली पोकळ खाच होती. आता मी उलट क्रम लावते. प्रथम दंड कोरते, पण शिरोरेषेच्या दोन मिलिमीटर खाली थांबते. मग शिरोरेषा कोरते. आणि शेवटी सहाच्या छिन्नीने शिरोरेषेच्या बाजूने खाली येत तो उरलेला पूल कोवळ्या घावांनी काढून टाकते. 'सावली' हे घराचे नाव मी या पद्धतीने कोरले, तेव्हा तीन अक्षरांतील एकही कोपरा गेला नाही. पाच सेंटिमीटर उंचीच्या एका अक्षराला मला दीड ते दोन तास लागतात. वेलांट्यांचे गोल भाग लहान छिन्नीने, एकेक पाऊल वळवत घ्यावे लागतात. अनुस्वार गोल करण्याचा हट्ट मी सोडला. बोरूचा टिंब मुळात शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो आणि चार उतार मध्यभागी मिळतील असा तो कोरला की अधिक शोभतो.

छिन्नीकामात धूळ यंत्राच्या मानाने फार कमी होते, कारण दगड बहुतेक कपचीच्या रूपाने निघतो. तरी मी एन-९५ मुखपट्टी आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा यांशिवाय बसत नाही. दगडावर अधूनमधून पाणी फवारते. खाचेतला चुरा ओल्या ब्रशने काढते, कधीही तोंडाने फुंकत नाही. काम झाल्यावर गॅलरी झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते, आणि ते पाणी मोरीत न ओतता बादलीत निवळू देते, नाहीतर तळाचा गाळ नळीत घट्ट बसतो. आवाजासाठी पाटीखाली वाळूची पिशवी ठेवली आहे. तिने ठोक्यांचा हादरा बराच कमी झाला, परंतु पूर्ण गेला नाही. खालच्या मजल्यावरील आजींना दुपारी झोप लागते म्हणून मी सकाळी दहा ते बारा याच वेळात काम करते. ज्यांच्या घरी अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी तेथेच बसावे.

शहाबादीच्या खाचेत तैलरंग भरण्याचा प्रयोग दोनदा फसला. दगड सच्छिद्र असल्याने तेल बाजूला झिरपले आणि प्रत्येक अक्षराभोवती पिवळसर छटा उमटली. पाण्यातला ॲक्रिलिक रंग दाट ठेवून बारीक कुंचल्याने भरला तर असे होत नाही. दारावरची पाटी गेला संपूर्ण पावसाळा भिजली आहे आणि तिचा रंग अजून टिकून आहे.

या छंदाने माझी जुने शिलालेख पाहण्याची रीत बदलली. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरील 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर' ही ओळ मी पूर्वी केवळ वाचली होती. या वर्षी मी तेथे खाली बसून बराच वेळ अक्षरांचे काठ पाहिले. आपल्या घरच्या शहाबादीत जो कोपरा वाचवायला मला इतके महिने लागले, ते काम येथे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात केलेले आहे, हे तेव्हा नीट कळले. त्याच गडावर तटाच्या दगडांवर टोकदार वस्तूने ओरबाडलेली नावेही दिसली आणि फार वाईट वाटले. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केल्यास प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांना दगडावर आपले नाव लिहावेसे वाटते त्यांना वखारीतला तुकडा दहा-वीस रुपयांत मिळतो, हे मी भेटेल त्याला सांगते.

आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी यंत्र घेणार नाही. सहा आणि दहा मिलिमीटरच्या दोनच छिन्न्या, तीनशे ग्रॅमची हातोडी, चष्मा, मुखपट्ट्या, धार लावायची पाटी आणि शहाबादीचे दहा तुकडे एवढे सामान अडीच हजारांत येते आणि वर्षभर पुरते. सध्या माझ्यापुढे काळ्या पाषाणाचा एक चौकोनी तुकडा आहे. तो चुनखडीच्या दुप्पट कठीण भासतो, त्यात मधूनमधून पोकळ छिद्रे आहेत आणि माझी सहाची छिन्नी त्यावर नुसती टणटण वाजते. त्यासाठी मावशींनी त्यांच्या ओळखीच्या लोहाराकडून पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कठीण केलेल्या, पोलादाची एक टाकी (दगड घडवायची छिन्नी) करवून आणण्याचे कबूल केले आहे. ती आली की 'श्री' या एकाच अक्षराने सुरुवात करणार आहे.