सी३२७० आणि माझा की-मॅप : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून मी मेनफ्रेमचं (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकाचं) सगळं काम सी३२७० वर करतोय. सी३२७० हा एम्युलेटर आहे, म्हणजे मेनफ्रेमच्या जुन्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम. आधी ऑफिसच्या लॅपटॉपवर खिडक्या-बटणांचा एक विकतचा एम्युलेटर होता. त्यात की-मॅप, म्हणजे कुठलं बटण काय करणार त्याची यादी, माउसने एकेक बटण ओढून बसवायचा, आणि लॅपटॉप बदलला की पुन्हा पहिल्यापासून. दोनदा ते केलं, तिसऱ्यांदा करायचं जिवावर आलं. मी नागपुरात घरून काम करतो, बऱ्याचदा रात्रपाळी, बॅच जॉबवर (मेनफ्रेमवर आपोआप चालणाऱ्या कामांवर) लक्ष ठेवायचं. त्यामुळे एसएसएच करून (दूरच्या संगणकात लॉगिन करून) कुठूनही उघडेल असं काहीतरी हवं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : आयबीएमचं ३२७० टर्मिनल १९७१ चं. त्या मालिकेतल्या कीबोर्डवर पीएफ१ ते पीएफ२४ ही फंक्शन बटणं, पीए१ ते पीए३, क्लिअर (स्क्रीन पुसणारं), रिसेट, इरेज ईओएफ (फील्डच्या शेवटापर्यंत पुसणारं) अशी बटणं होती. आपल्या कीबोर्डवर त्यातली निम्मी नाहीत. म्हणून कुठलं बटण कशाच्या जागी धरायचं ते एम्युलेटरला सांगावं लागतं. एक्स३२७० हा मोफत, सोर्ससकट मिळणारा संच आहे. त्यातला एक्स३२७० स्वतःच्या खिडकीत चालतो आणि सी३२७० साध्या टर्मिनलमध्ये.

माझा पहिला आठवडा वाईट गेला. एसडीएसएफमध्ये (मेनफ्रेमवरचे जॉब आणि त्यांचं आउटपुट दाखवणारा प्रोग्राम) उजवीकडचे कॉलम बघायला एफ११ दाबावं, तर टर्मिनलची खिडकीच पूर्ण स्क्रीनभर पसरायची. एफ१० दाबलं की मेनू उघडायचा. एफ१ वर टर्मिनलचीच मदत. यात सी३२७० चा काही दोष नव्हता, ती बटणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. हे कळलं ते ट्रेसमुळे. सुरू करताना डॅश ट्रेस असा पर्याय दिला की आलेलं प्रत्येक बटण आणि त्यावर झालेली ॲक्शन फाइलमध्ये उतरते. मी एफ११ पाचदा दाबलं आणि फाइलमध्ये त्याची एक ओळही नव्हती. दोन रात्री मी उगाच मॅपिंगच्या ओळी खालीवर करत बसलो होतो. की-मॅप चालत नाही असं वाटलं की आधी ट्रेस बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

उपाय सोपा निघाला. होम फोल्डरमध्ये डॉट सी३२७०प्रो नावाची फाइल केली, त्यात माझ्या नावाचा की-मॅप लिहिला : ऑल्ट-शून्य म्हणजे पीएफ१०, ऑल्ट-वजा म्हणजे पीएफ११, ऑल्ट-बरोबर म्हणजे पीएफ१२. अंकांच्या रांगेत ती तीन बटणं शेजारी शेजारीच आहेत, त्यामुळे हात चार दिवसांत बसला. सुरू करताना डॅश कीमॅप आणि ते नाव दिलं की झालं. एखादी ओळ नुसती चाखून बघायची तर फाइललाही हात लावावा लागत नाही, डॅश एक्सआरएम देऊन कमांडमध्येच लिहिता येते. मी अजूनही नवीन मॅपिंग आधी तसंच तपासतो आणि पटलं तरच फाइलमध्ये टाकतो.

फाइल लिहिताना एकाच गोष्टीने मला खरंच छळलं. मॅपिंगची शेवटची सोडून प्रत्येक ओळ बॅकस्लॅश, एन, बॅकस्लॅश अशी संपवावी लागते. ओळीअखेरच्या बॅकस्लॅशपुढे चुकून एक स्पेस राहिली, तर तिथून खालचं सगळं गळून पडतं. डोळ्यांना ती स्पेस दिसत नाही. एडिटरमध्ये ओळीअखेरच्या स्पेस रंगवून दाखवायची सोय चालू करा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कंट्रोल-सी. मुळात ते क्लिअरवर बांधलेलं आहे. आपली बोटं कॉपी करायला सवयीने तिकडे जातात आणि सीआयसीएसचा (मेनफ्रेमवरची व्यवहार नोंदवणारी प्रणाली) अर्धा भरलेला स्क्रीन पुसला जातो. मी एका टेस्ट रेकॉर्डची चौदा फील्ड अशीच घालवली, पहाटे साडेतीनला. त्याच रात्री कंट्रोल-सी वर इग्नोर, म्हणजे काहीच करू नको, असं लावलं. क्लिअर लागलंच तर कंट्रोल-ए आणि मग सी, अशी दोन टप्प्यांची सोय आधीपासून आहे.

त्या कंट्रोल-ए चाही एक गुंता आहे. स्क्रीन नावाचा, एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम वापरत असाल तर कंट्रोल-ए तोच आधी गिळतो. म्हणून कंट्रोल-ए टाळून मी पीए१ कंट्रोल-जी आणि मग १ असं वेगळं बांधलं. टीमक्स हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, त्याचं कंट्रोल-बी असतं.

जे होत नाही तेही सांगतो. आमच्या टीममधल्या ताई जुन्या ३२७० कीबोर्डवर शिकलेल्या. त्यांना उजवा कंट्रोल म्हणजे एंटर आणि रिटर्न म्हणजे पुढची ओळ, असंच हवं. "मी बटण शोधत नाही रे बाबू, बोट आपणच जाते तिथं," त्या म्हणाल्या. सी३२७० मध्ये हे जमत नाही, कारण नुसता कंट्रोल दाबला तर टर्मिनल पुढे काहीच पाठवत नाही. मी एक पूर्ण रविवार त्यात घालवला. शेवटी त्यांच्यासाठी एक्स३२७० घेतला. तो खिडकीवाला असल्याने त्याला डावा कंट्रोल आणि उजवा कंट्रोल वेगळे दिसतात. उजव्यावर एंटर, रिटर्नवर न्यूलाइन, दोन ओळींत काम झालं.

सराव करायचा असेल तर घरच्या संगणकावर हर्क्युलिस (मेनफ्रेमचीच नक्कल करणारा प्रोग्राम) टाका, त्यावर एमव्हीएस ३.८जे ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवा आणि सी३२७० तिथे जोडा. चुकलं तरी कुणाचा डेटा जात नाही. माझ्या फाइलमधली जवळजवळ प्रत्येक ओळ आधी तिथेच घासून घेतली आहे.

आज माझी फाइल एकोणीस ओळींची आहे. मार्चमध्ये लॅपटॉप बदलला तेव्हा ती नुसती कॉपी केली आणि त्याच पाळीला कामाला बसलो. ताईंची फाइल सहा ओळींची, त्यांनी ती स्वतःला मेल करून ठेवली आहे. परवा त्यांनी त्यात इरेज ईओएफची सातवी ओळ घातली, मला न विचारता.