वीज गेली की बारा वाजतात: टँकच्या दिव्याचा अकरा महिन्यांचा अनुभव

रात्री तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत लख्ख उजेड. दोन फुटी फिश टँकवरचा एलईडी दिवा जोरात चालू, मासे भांबावलेले आणि कंट्रोलरच्या पडद्यावर वेळ १६:०४. म्हणजे दिव्याच्या मते दुपारचा चहा व्हायची वेळ झाली होती. चार महिने अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर जे शेवाळ मी नखाने खरवडत होते, त्याचं कारण मला तिथे उभं राहून कळलं.

वॅट, ल्युमेन, रंगाचं तापमान हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे परत लिहीत नाही. उजेडाबद्दल माझी तक्रारही नाही. माझं भांडण आहे ते त्यातल्या घड्याळाशी. कंपनीचं नाव देत नाही, कारण असंच घड्याळ दुसऱ्या कुणाच्या दिव्यातही निघू शकतं.

आधी टँकबद्दल थोडं. साधारण ६० लिटर पाणी, झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत नाही. झाडं सगळी आळशी जातीची: अनुबियास नाना पेटिटचे तीन गुच्छ, ब्यूसचे (ब्युसेफॅलँड्रा, दगडाला धरून वाढणारं छोटं झाड) पाच तुकडे, जावा फर्न आणि कोपऱ्यात क्रिप्ट वेंडटी. ही झाडं कमी उजेडात जगतात म्हणून लोक त्यांना सोपी म्हणतात. मरायला कठीण आहेत हे खरं, पण सुंदर ठेवायला मुळीच सोपी नाहीत. हायग्रोफिलासारखं झाड भराभर वाढतं. पान खराब झालं की छाटायचं, वरचा शेंडा परत रोवायचा, विषय संपला. अनुबियास माझ्याकडे तीन-चार आठवड्यांनी एक पान काढतो आणि ते पान वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं. एवढा वेळ एकाच जागी बसलेल्या पानावर शेवाळाला आरामात संसार थाटता येतो. गुच्छाला पानं दहा, त्यातली चार कापली की झाडाचं तोंड ओळखू येत नाही.

पहिले तीन महिने मी या दिव्यावर खूश होते. पहाटेसारखा हळूहळू उजळतो, संध्याकाळी हळूहळू मावळतो, मासे दचकत नाहीत. दुपारी दोन ते रात्री नऊ, सात तास, तेज ४० टक्के. मग पानांवर टणक हिरवे ठिपके दिसायला लागले, पाठोपाठ कडांना काळी दाढी, म्हणजे केसाळ काळं शेवाळ. असे ठिपके फॉस्फेट कमी पडल्याने येतात असं म्हणतात म्हणून मी खत वाढवलं. पाणी आठवड्याला एक तृतीयांश बदलत होते, ते निम्मं केलं. आणि इथे माझी चूक कबूल करते: झाडं वाढत नाहीत म्हणजे उजेड कमी पडतोय असं समजून मी तेज ८० टक्क्यांवर नेलं. जंगलात ओढ्याच्या काठी सावलीत वाढणारं झाड, त्याच्या डोक्यावर मी भर दुपार आणून ठेवली. सीओटूशिवाय तो जादा उजेड झाडाला वापरता येत नाही, शेवाळाला मात्र येतो. पंधरा दिवसांत दाढी दुप्पट.

तरीही हिशेब जुळत नव्हता. तेज परत ४० वर आणलं तरी शेवाळ हटेना. कारण सात तास हे फक्त माझ्या डोक्यात होते. हा दिवा वीज जाऊन आली की वेळ विसरतो आणि घड्याळ दुपारी बारापासून सुरू करतो. वेळापत्रक लक्षात ठेवतो, तेज लक्षात ठेवतो, वेळ तेवढी नाही. समजा रात्री आठला पाच मिनिटं वीज गेली. तोवर सहा तास उजेड झालेला असतो. वीज येते, याच्या लेखी बारा वाजतात, दिवा बंद राहतो, मला वाटतं वा, आज लवकर मावळला. रात्री दहाला त्याचे दोन वाजतात आणि तो परत उजाडतो, ते थेट पहाटे पाचपर्यंत. एकूण तेरा तास. दुसऱ्या दिवशी दुपारी मला दिसतं की दिवा लागलाच नाही, मी घड्याळ नीट लावते आणि वर परत सात तास देते. महिन्यात असं चार-पाच वेळा झालं तर पानावर काय उमटेल ते उमटलंच. नवरा दोनदा म्हणालाही होता, "अगं, तुझे मासे जागे असतात रात्री." मी लक्ष दिलं नाही.

सर्व्हिसला फोन केला. पहिला माणूस म्हणाला, "मॅडम, वीज जाणं हा प्रॉडक्टचा दोष नाही." मी म्हटलं, वीज जाण्याचा दोष मी तुम्हाला देतच नाही, विसरण्याचा देतेय. दुसऱ्याने सांगितलं, अख्खा दिवा पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, तीन आठवडे लागतील. खरं सांगायचं तर माझ्या अनुबियासने तीन आठवडे अंधारात सहज काढले असते. पण कुरियरचे पैसे मी का काढू?

मग साधा प्लगमधला टायमर आणला, चकती फिरणारा, खाचा दाबायचा. दिव्याचा ऑटो मोड बंद करून मॅन्युअलवर ३५ टक्के ठेवलं आणि टायमरने वीजच तोडायची-जोडायची. तेज लक्षात राहतं हे बरं झालं. वीज गेली की या टायमरची चकतीही थांबते, पण तो फक्त मागे पडतो, सात तासांचे तेरा करत नाही. झाडाला घड्याळात किती वाजले याच्याशी घेणंदेणं नसतं, उजेड किती तास मिळाला याच्याशी असतं. नुकसान एवढंच की ज्या पहाटेसाठी जास्त पैसे मोजले ती गेली. आता दिवा फटकन लागतो, म्हणून आधी खोलीतला दिवा लावून ठेवते.

जुनी दाढी आपोआप जात नाही. अनुबियास ज्या लाकडाला (ड्रिफ्टवूड) बांधलाय त्याच्यासकट बाहेर काढून, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड बारीक ब्रशने फक्त काळ्या कडांवर लावलं, दोन-तीन मिनिटांनी धुऊन परत पाण्यात. दोन दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी पडली आणि टँकमधल्या श्रिंपनी (छोट्या कोळंब्यांनी) तिचा फन्ना उडवला. टणक हिरवे ठिपके मात्र तसेच राहिले. ती पानं मी एका वेळी एकच कापते, नवं पान आल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही.

रायझोम (अनुबियास, ब्यूसचं आडवं जाड खोड) वाळूत पुरायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं, तरी ब्यूसचा एक तुकडा दगडावर टिकत नव्हता म्हणून पुरला. कुजला. मऊ भाग ब्लेडने कापून कडक हिरवा भाग जेल गोंदाने दगडाला चिकटवला. पेराएवढं खोड, पान एकही नाही. दोन महिन्यांनी त्यातून दोन पानं आली. क्रिप्टनेही मध्येच सगळी पानं विरघळवली. फेकणारच होते, पण ओढून पाहिलं तर मुळं घट्ट. राहू दिलं, महिन्याभरात परत फुटला.

आठव्या महिन्यात वॉरंटीचा नाद सोडून, प्लग काढून, कंट्रोलरचे चार स्क्रू उघडले. आत एक सीआर २०३२ सेल, बटणासारखा, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा. मल्टीमीटरवर जेमतेम दीड व्होल्ट, नव्याचे तीनच्या थोडे वर असतात. भिंतीवरच्या रिमोटमधला काढून बसवला आणि मुद्दाम पाच वेळा मेन स्विच बंद-चालू केला. वेळ जागची हलली नाही. म्हणजे घड्याळ वाईट नव्हतं, मेलेला सेल घालून विकलेलं होतं. वर मी डिझाइनला जेवढे शब्द लावले त्यातले निम्मे परत घेते. उरलेले निम्मे सर्व्हिसला, कारण सेल बदला एवढं सांगायला दोघांपैकी कुणालाही अर्धं मिनिट पुरलं असतं.

हा दिवा घ्यावा का? उजेडासाठी घ्या. घरी आणल्या दिवशी वेळ लावा, प्लग काढा, दहा मिनिटांनी परत लावा आणि पडद्यावर बारा दिसले तर लगेच बदलून मागा.

सेल नवा असूनही मी ऑटो मोडवर गेलेले नाही. पाचही ब्यूस जागेवर आहेत, एकाने मागच्या आठवड्यात पाण्याखालीच नखाएवढं पांढरट फूल काढलं. चकतीचा टायमर सध्या पन्नास मिनिटं मागे आहे, दिवा दोनऐवजी तीनला दहा कमी असताना लागतो. अजून फिरवलेला नाही.