ड्रायव्हर पडताळणी ॲप: आठ महिने, १९ रिपोर्ट आणि एक साडू

रिपोर्टवर पाचच्या पाच खुणा हिरव्या, आणि गाडी रायपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर बेवारस. हे लिहायला बसलो ते त्याच रागात, त्यामुळे भाषा जरा वरखाली झाली तर सांभाळून घ्या.

पिंपळगावहून कांदा भरून आमची बारा टायरी कोलकात्याला निघाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जीपीएसवर गाडी नऊ तास जागची हललेली नाही आणि ड्रायव्हरचा फोन बंद. रायपूरच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने पोरगा पाठवला. तो म्हणाला, "चावी गल्ल्यावर ठेवून गेलाय. घरी अडचण आहे, शेठना कळवा म्हणाला." बदली ड्रायव्हर मिळेपर्यंत दीड दिवस गेला, तोवर कांद्याला पाणी सुटायला लागलं. व्यापाऱ्याने भाड्यातून १८ हजार कापले.

हा माणूस मी ॲपवर तपासून घेतला होता. आधार, लायसन, कोर्ट, पत्ता, पूर्वीचा मालक, सगळं हिरवं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: "पडताळणी पूर्ण. सेवा ५ वर्षे. वर्तन समाधानकारक." खाली त्या मालकाचा नंबर. तो नंबर मी गाडी ढाब्यावर उभी राहिल्यावर पहिल्यांदा लावला, ही माझी चूक, मान्य.

पलीकडून पिठाच्या गिरणीचा खडखडाट ऐकू येत होता.

"हो हो, लई चांगला माणूस. पाच वर्षं होता माझ्याकडं."
"कुठली गाडी चालवायचा?"
"मोठी."
"नंबर सांगा ना."
बराच वेळ नुसती गिरणी ऐकली. मग म्हणाला, "अहो शेठ, मी त्याचा साडू आहे. तो म्हणाला फोन आला तर एवढं बोल."

म्हणजे २३३ रुपये ६४ पैसे मोजून मी साडूचं प्रमाणपत्र विकत घेतलं होतं. आकडा पैशापर्यंत सांगतोय कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. एका रिपोर्टला एक क्रेडिट लागतं, आणि सगळ्यात लहान पॅक ५० क्रेडिटचं, ९,९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,६८२. आमच्या सात गाड्या. माणसं येत-जात राहतात, तरी ५० कधी लागणार? आठ महिन्यांत १९ रिपोर्ट काढले, त्यातल्या सहांमध्ये पूर्वीच्या मालकापुढे "पडताळणी होऊ शकली नाही" असं आलं. मालकाने फोन उचलला नाही की काम संपलं, आणि क्रेडिट मात्र गेलंच. १,४०१ रुपये ८४ पैसे. मेकॅनिकने गाडी उघडून "काही कळत नाही" म्हटलं तर मी त्याला मजुरी देतो का?

कस्टमर केअरशी चार दिवस घासाघीस केली. त्यांचं म्हणणं, नंबर उमेदवाराने दिला, आम्ही फोन केला, उत्तर मिळालं, प्रक्रिया पूर्ण. अहो, समोरच्याला गाडीचा नंबर विचारा, बिल्टीचा (माल भरल्याच्या पावतीचा) किंवा शेवटच्या हिशोबाचा एक फोटो मागवा, जीएसटी नंबर बघा. त्यांच्या कागदावर प्रश्न तीनच: कधीपासून, कधीपर्यंत, वर्तन कसं. शेवटी "सद्भावना म्हणून" एक क्रेडिट परत आलं. गाडीभर कांद्याला एक क्रेडिट.

बाकीचे रकाने भरभर सांगतो. आधार ओटीपीवर होतं, ड्रायव्हर समोर बसून आकडे मोठ्याने वाचतो, चटकन उरकतं. पत्ता घरी माणूस पाठवून बघायचा तर वेगळे पैसे, ते मी घेतलं नाही. कोर्टाचा रकाना म्हणजे नावाची जुळवाजुळव. एका पोराला लाल खूण आली, केस होती परभणीकडची, आणि पोरगा जन्मापासून सिन्नरचा. आडनाव, नाव, बापाचं नाव तेच. आपल्याकडे एकेका नावाची एका तालुक्यात दहा माणसं निघतात. त्याला ठेवला, आज माझा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर आहे.

इथपर्यंत लिहून झोपलो होतो. सकाळी वाचलं आणि वाटलं, लायसनच्या रकान्यावर अन्याय होतोय.

आमच्याकडे एक काका आहेत, वय ५४, अकरा वर्षं जुने. नवीन ॲप चालतं का बघायला पहिला रिपोर्ट त्यांचाच काढला होता. लायसनपुढे लाल. मला वाटलं ॲपच गंडलंय. काकांनी पाकिटातून कार्ड काढलं, प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रबर गुंडाळलेलं. "हे बघ, २०२८ पर्यंत आहे." बरोबर होतं, पण ती नॉन-ट्रान्सपोर्टची, म्हणजे खासगी गाडीची तारीख. टीआरची, म्हणजे ट्रकसारखी ट्रान्सपोर्ट गाडी चालवायची, तारीख संपून दहा महिने झाले होते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर टीआर पाच वर्षांचं झालं, आधी तीन होतं. पाच वर्षांत माणूस विसरतो. मुदत संपून वर्ष उलटलं असतं तर काकांना या वयात पुन्हा आरटीओच्या ट्रॅकवर टेस्ट द्यावी लागली असती. दोनच महिने उरले होते. डॉक्टरकडून फॉर्म १-ए भरून घेतला, अर्ज केला, काम झालं. काका आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, जणू तारीख मीच संपवली होती.

हीच माहिती सारथीच्या सरकारी साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की फुकट दिसते, दोन्ही तारखा वेगवेगळ्या. ज्वलनशील माल नेणारे असतील तर त्याचीही मुदत. म्हणजे त्या २३३ रुपयांना अर्थ नव्हता असं म्हणणार होतो. पण दहा महिने ती फुकटची साइट मी उघडली नव्हती हेही खरं.

शिवाय ॲप विकायला आलेल्या पोराने भीती घातली होती, "खोटं लायसन निघालं तर इन्शुरन्स एक रुपया देणार नाही." आमच्या वकिलांनी ते फेटाळलं. सुप्रीम कोर्टाने रिषी पाल सिंग प्रकरणात २०२२ मध्ये सांगितलंय की मालकाने लायसन बघितलं, माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री केली, तर ते खरं का खोटं हे आरटीओत जाऊन तपासण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. पण काकांचं लायसन खोटं नव्हतं, संपलेलं होतं, आणि ती तारीख कार्डावर छापलेली होती. "मला काय माहीत" असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? तेव्हा लायसनच्या रकान्याला पूर्ण गुण.

आता पुन्हा पूर्वीच्या मालकाकडे येतो, कारण तो रकाना मला सोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मलाच याच ॲपवाल्यांचा फोन आला होता. भाऊसाहेब नावाचा माझा जुना ड्रायव्हर दुसरीकडे लागत होता. मी टोलच्या रांगेत, ऊन मी म्हणत होतं. बाईंनी तेच तीन प्रश्न विचारले. मी म्हणालो, "आठ हजार उचल घेऊन पळालाय, वर्तन काय विचारता?" फोन ठेवला आणि विसरलो.

साडूचं प्रकरण चालू असतानाच भाऊसाहेबचा फोन. "शेठ, तुम्ही काय बोलले माझ्याबद्दल? दोन ठिकाणी लाल आलं म्हणून घेतलं नाही." मी तावातावाने वही उघडली. उचल आठ हजार, बरोबर. खाली माझ्याच अक्षरात त्याचा दोन ट्रिपचा भत्ता, ५,५०० रुपये, देणे बाकी. तो गेला तेव्हा त्याच्या बापाला नाशिकला सिव्हिलमध्ये ठेवलं होतं, हेही तेव्हा आठवलं. म्हणजे भांडण अडीच हजारांचं होतं, आणि मी त्याला पळपुटा म्हटलं होतं.

सुधारणा करा म्हणून ॲपवाल्यांना फोन केला तर लेटरहेडवर अर्ज द्या म्हणाले. दिला. तीन आठवडे झाले, "तपास चालू आहे". साडूचा शब्द त्यांनी फोनवर घेतला, माझ्याकडून कागद मागतात. आणि भाऊसाहेबला स्वतःचा रिपोर्ट बघायचीच सोय नाही, तो फक्त पैसे भरणाऱ्या मालकाला दिसतो.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात एका ट्रकिंग कंपनीत हिशोबाला आहे, त्याला हे सांगितलं तर हसला. तिकडे ड्रायव्हर लोक "डॅक रिपोर्ट"ला, म्हणजे जुन्या मालकांनी दिलेल्या माहितीच्या रिपोर्टला, आपल्या चारित्र्य पडताळणीपेक्षा जास्त घाबरतात. नव्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या मालकांकडे चौकशी करावीच लागते, आणि जुन्या मालकाला ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. फोन न उचलून चालत नाही. सरकारी नोंद वेगळी मिळते: पाच वर्षांचे अपघात, तीन वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या. रागाच्या भरात वाईट शेरे मारणारे मालक तिकडेही आहेतच. फरक एवढाच की ड्रायव्हर स्वतःची प्रत मागू शकतो, हे चूक आहे म्हणून लेखी हरकत घेऊ शकतो. हा हक्क देणारा कायदा १९७०चा आहे. आपल्याकडे ई-चलानसुद्धा गाडीच्या नंबरावर येतं, सिग्नल कोणी तोडला हे माझ्या वहीतच शोधावं लागतं.

हल्ली मी आधी सारथी बघतो. मग ड्रायव्हरने दिलेला नंबर बाजूला ठेवून तो ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसमधून माल भरायचा तिथल्या मुनीमला फोन करतो. मुनीमला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, फक्त चहाच्या वेळेला फोन करायचा.

क्रेडिट ३२ उरलीत, ते परत दिलेलं एक धरून. मार्चमध्ये त्यांची मुदत संपेल. दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, विचारून झालं. भाऊसाहेबचे ५,५०० वळते केले, बाकीचे अडीच हजार सोडले, सोमवारपासून तो परत येतोय. भावाने विचारलं, त्याचा रिपोर्ट काढायचा का? काढला तर टोलच्या रांगेतलं माझंच वाक्य मला २३३ रुपये ६४ पैशांना विकत मिळेल.