पाच सक्युलंटचा सेट मागवला, त्यातली दोन रोपं एकच निघाली (३ स्टार)

आधी चांगलं ते सांगते. पार्सल चार दिवसात आलं, प्रत्येक रोप कागदात गुंडाळलेलं, मुळं कोरडी, एकही पान तुटलेलं नाही. याआधी दोनदा दुसरीकडून मागवलेले सक्युलंट निम्मे कुजून आले होते त्यामुळे पॅकिंगला पैकीच्या पैकी.

तक्रार लेबलांची आहे. पाच वेगवेगळी रोपं म्हणून ७९९ रुपये घेतले, त्यात एका लेबलवर सॅन्सेव्हिएरिया सिलिंड्रिका आणि दुसऱ्यावर ड्रॅसीना अँगोलेन्सिस. दोन्हीची पानं काठीसारखी गोल, टोकाला निमुळती, तेच करडे-हिरवे पट्टे. एक जरा मोठं, एक पिल्लू, बाकी काही फरक नाही. कारण दोन्ही एकाच झाडाची नावं आहेत! चॅटवर विचारलं तर उत्तर आलं मॅडम दोन वेगळ्या व्हरायटी आहेत. नाहीत हो.

झालंय असं की डीएनए तपासल्यावर दिसलं की स्नेक प्लांटची सगळी मंडळी (म्हणजे सॅन्सेव्हिएरिया वंश) ड्रॅसीना वंशाच्याच फांदीतून फुटलेली आहेत, त्यामुळे एकतर ड्रॅसीनाचे तुकडे करा नाहीतर सॅन्सेव्हिएरियाला आत घ्या, आणि २०१७-१८ च्या सुमारास आत घेतलं. नेहमीचं घरोघरचं स्नेक प्लांट ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा झालं, म्हणजे निदान अर्धं नाव तरी ओळखीचं राहिलं. पण सिलिंड्रिकाच्या बाबतीत ड्रॅसीना सिलिंड्रिका नावाचं वेगळंच झाड आधीपासून होतं, एका नावाची दोन झाडं चालत नाहीत म्हणून अँगोलेन्सिस नाव आलं. आता जुन्या आणि नव्या नावात एकही शब्द सारखा नाही, मग गिऱ्हाईकाला कळणार कसं?

बऱ्याच जुन्या संग्राहकांना हा बदल मान्य नाही. त्यांचं म्हणणं लकी बांबू पण ड्रॅसीना आणि हे जाड पानांचं, जमिनीखाली गड्डे पसरणारं झाड पण ड्रॅसीना, हे कसं पटायचं. मला स्वतःला नवीन नाव पटतं, दिसण्यापेक्षा नातं महत्त्वाचं वाटतं. पण कोणी लेबलवर जुनं नाव लिहिलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही, फक्त तेच झाड दोन नावांनी दोनदा विकू नका.

तिसरं लेबल हॉवर्थिया फॅसिएटा, म्हणजे झेब्रा प्लांट. हे मात्र सरळ चुकलंय. पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा, फॅसिएटाचं पान आतून गुळगुळीत असतं, पांढरे उठाव फक्त बाहेरून. माझ्याकडे आलेलं आतूनही खरखरीत आहे, म्हणजे ते अटेन्युआटा, तशीच दिसणारी दुसरी जात. बाजारात फॅसिएटा म्हणून मिळणारी बहुतेक रोपं अटेन्युआटाच असतात. या दोन्ही जातींना २०१३ मध्ये वनस्पतितज्ज्ञ गॉर्डन रॉली यांनी हॉवर्थिओप्सिस या नव्या वंशात टाकलं. हॉवर्थिया म्हणायचं की हॉवर्थिओप्सिस हा मताचा प्रश्न, पण फॅसिएटा की अटेन्युआटा हे पान हातात घेतलं की कळतं, तिथे मताला जागा नाही.

चौथं टायगर अ‍ॅलो, त्याचं लेबल अगदी मस्त! वर गोनिअ‍ॅलो व्हेरिगाटा, खाली बारीक अक्षरात जुनं नाव अ‍ॅलो व्हेरिगाटा. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये दिलेलं नाव आणि २०१४ पासूनचं नाव, दोन्ही एका पट्टीवर. एवढंच तर हवंय. पाचवं जेड, त्याबद्दल काही तक्रार नाही.

कोणी म्हणेल नावात काय एवढं. आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी ही सक्युलंट घ्या, जुन्नर, पुरंदर भागातल्या कड्यांवर वाढणारी, महाराष्ट्राबाहेर कुठेच नाही. वनस्पतितज्ज्ञ डाल्झेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं, मग कोणी कॅरालुमा वंशात घातलं, कोणी बुसेरोसियात, आणि २०१७ मध्ये ती सेरोपेजिया फ्रेरी झाली, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या वंशात. त्यावर अजून एकमत नाही. इतकं दुर्मिळ झाड, आणि उद्या कुणी कड्यावरून उपटून चौथ्याच नावाने विकायला ठेवलं तर ज्याला फक्त फ्रेरिया माहितीये त्याच्या लक्षात तरी येईल का? म्हणून मी लेबलच्या बाबतीत इतकी आग्रही आहे.

मागवणार असाल तर ऑर्डर करायच्या आधी प्रत्येक नाव सर्च करून त्याचं जुनं नाव बघा, दोन नावं एकाच झाडाची निघाली तर आधीच बदलून मागा. मी एक रोप बदलून मागितलंय, अजून उत्तर नाही. बदलून दिलं आणि झेब्राचं लेबल दुरुस्त केलं तर चौथा स्टार नक्की देईन, रोपं खरंच निरोगी आहेत.