मागच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि केबिनमध्ये दोन दगड

2024च्या पावसाळ्यात माझ्या पिकअपच्या केबिनमध्ये कायम दोन दगड असायचे. गाडी उभी केली की आधी उतरायचं, मागच्या टायरखाली दगड लावायचे, मग माल उतरवायचा. 42 हजार रुपये घालून 'ब्रेक चांगले' करून घेतल्यानंतरची ही गोष्ट आहे.

मी शिरपूर तालुक्यातला. भाजीपाला घेऊन मध्य प्रदेशात सेंधव्याला जायचं आणि येताना गुरांसाठी सरकी ढेप भरून आणायची, हा माझा धंदा. म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा बिजासन घाट. 4 जुलै 2023ला पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला ट्रक महामार्गावरच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्या हॉटेलसमोरून मी आदल्याच दिवशी गेलो होतो. तेव्हापासून घरच्यांचा एकच घोष, "आधी ब्रेक बघा". त्यात माझ्या गाडीचा मागचा ब्रेक खरंच कमी लागत होता. भीती मनात आणि दोष गाडीत, असा गिऱ्हाईक फसवायला फार कष्ट पडत नाहीत.

धुळ्याकडच्या एका गॅरेजवाल्याचं नाव एका ओळखीच्या ड्रायव्हरने दिलं. माणूस बोलायला गोड. मागचा ड्रम, म्हणजे आतून लायनर घासून ब्रेक लावणारा चाकातला डबा, न उघडताच म्हणाला, "दादा, ड्रम जुनी टेक्नॉलॉजी झाली. पुढे डिस्क आहे ना तुमच्या? तीच मागे लावू. कंपनीचं किट येतं, अर्ध्या अंतरात गाडी उभी." हॅन्डब्रेकचं विचारलं तर, "त्याची केबल वेगळी येते, आठवड्यात लावून देतो." ती कधी लागलीच नाही, म्हणून ते दोन दगड. बिल मागितलं तर, "बिल घेतलं तर जीएसटी चढेल, कशाला?" मी 15 हजार मोबाइलवरून पाठवले, बाकी रोख दिले. काढलेले ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर त्याने ठेवून घेतले. "जुना माल आमच्याकडेच राहतो," म्हणाला. ते ड्रम मी दोनच वर्षांपूर्वी नवे टाकले होते. या एका वाक्याला मी मान डोलावली, त्याचा राग अजून स्वतःवरच येतो.

मग त्याने मला ट्रायल दिली, आणि खरी फसवणूक तिथेच झाली. रिकामी गाडी, सपाट कोरडा रस्ता, चाळीसचा स्पीड. पेडल दाबलं आणि गाडी कचकन थांबली, मागचे टायर चर्रर्र वाजले. मी खूश. टायर वाजले म्हणजे चाकं जाम होऊन घसरली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या पिकअपला मागच्या अॅक्सलजवळ एक वॉल्व्ह असतो, त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली. गाडी रिकामी असली की तो मागचं प्रेशर कमी करतो, माल भरून पाटा (मागची स्प्रिंग) दबला की वाढवतो. या पठ्ठ्याने तो काढून सरळ पाइप जोडला होता. त्यामुळे रिकाम्या गाडीत ब्रेक भारी वाटणारच. गाडी घ्यायला गेलेला माणूस ट्रायल रिकाम्या गाडीचीच घेतो, ढेपेची पोती भरून कोण जातं?

पहिल्या पावसात नरडाण्याजवळ एक म्हैस आडवी आली. ब्रेक मारला आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला निघाला. गाडी रस्त्यात आडवी झाली, मागून कोणी नव्हतं म्हणून निभावलं. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "टायर गुळगुळीत असतील."

पेडल तर पहिल्या दिवसापासून स्पंजासारखं होतं. त्यावर उत्तर, "डिस्कचं पेडल असंच असतं." मी ऐकून घेतलं.

जुलैच्या शेवटी सेंधव्याहून साधारण बाराशे किलो ढेप घेऊन घाट उतरत होतो. निम्म्यात जळकट वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणांनी पेडल मऊ झालं, मग थेट खाली गेलं. दोन-तीनदा पंप केला, दुसऱ्या गिअरमध्ये आणली, इंजिन किंचाळलं. पुढच्या चाकांच्या ब्रेकची लाइन वेगळी असते, म्हणून पेडल तळाला टेकल्यावर थोडं तरी पकडलं. तेवढ्यावर रस्त्याच्या कडेला खडी-मातीत गाडी रुतवून थांबवली. हात कापत होते. मागच्या चाकावर पावसाचं पाणी पडताच वाफ उठत होती. गंमत म्हणजे तासाभराने गाडी गार झाली आणि पेडल परत वर आलं, जसं काही झालंच नव्हतं. ब्रेक ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल. गॅरेजवाल्याला गाडी दाखवली तेव्हा पेडल घट्टच लागलं. "बघा, लागतोय ना ब्रेक? तुम्हीच ओव्हरलोड भरत असाल."

शेवटी गावातल्या आबांकडे गेलो. ते चाळीस वर्षं हेच काम करतात. आधीच जायला हवं होतं. पण आपल्या गावातला मिस्त्री आपल्याला साधा वाटतो. आबा गाडीखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "हॅन्डब्रेक कथा (कुठे) गया रे?" मग बाहेर येऊन, "तुले कोनी सांगं हाई कराले?"

चाकं उघडल्यावर एकेक निघत गेलं. किट वगैरे काही नव्हतं. भंगारातल्या कुठल्यातरी कारचे पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्क प्लेटला पॅडने चिमटीत धरणारे भाग, वर लाल रंग फासलेला. पिना गंजून जाम, त्यामुळे पेडल सोडलं तरी पॅड सुटत नव्हते. घाटात ब्रेक तापले ते त्यामुळेच. डिस्क प्लेटवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो ग्राइंडरने पुसलेला. ब्रॅकेट गॅस कटरने कापलेली पट्टी, अॅक्सलच्या हौसिंगला (बाहेरच्या कवचाला) वेल्डिंग करून चिकटवलेली. आणि डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसवल्यामुळे एअर काढायचा निप्पल खालच्या बाजूला आलेला. हवा वर चढते. निप्पल खाली असेल तर ऑइल बाहेर येतं, हवा आतच राहते. त्या स्पंजासारख्या पेडलचं गूढ असं सुटलं.

आबा डिस्कच्या विरोधात नाहीत. डिस्क उघडी असते, लवकर गार होते, पाणी लागलं तरी लगेच सुकते. पण ड्रममध्ये लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप आणखी घट्ट बसतो. डिस्कला तशी मदत नसते, जास्त प्रेशर लागतं. मग पेडलमागचा मास्टर सिलिंडर, वॉल्व्ह, हॅन्डब्रेक सगळं एकमेकांना जुळवून बसवावं लागतं. नुसती प्लेट लावून भागत नाही.

मुळात माझ्या मागच्या ब्रेकचं दुखणं काय होतं? अॅक्सलचं ऑइल सील गळून लायनरवर तेल आलं असणार, असं आबा म्हणाले. हौसिंगवर जुन्या तेलाचा थर होताच. सील, लायनर, अॅडजस्टमेंट आणि मजुरी धरून दोन-अडीच हजारांचं काम. ड्रम उघडून दाखवा, एवढंच मी त्या दिवशी म्हटलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

पुन्हा मूळ ब्रेक बसवायला 19 हजार गेले, हौसिंगवरचं वेल्डिंग घासून काढायला दोन दिवस. विम्याच्या एजंटला विचारलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं घाटात कुठे ठोकली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे गाडीत असा मूळ बदल करता येत नाही आणि 182अ प्रमाणे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद मालकाला होऊ शकते. आणि गाडी माझ्या नावावर.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. धंद्याची गाडी म्हणून अडेल असं वाटलं होतं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर ग्राहक धरतात, असं वकिलांनी सांगितलं. पुरावा म्हणून हातात आहे तो मोबाइलवरून पाठवलेल्या 15 हजारांचा. रोख दिलेल्या 27 हजारांचा कागद नाही. तारीख अजून लागायची आहे. लाल कॅलिपर आणि ते ब्रॅकेट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय. भंगारवाला दोनदा विचारून गेला.