डब्यावरचा ग्रेनचा आकडा आणि माझी फसगत

"जास्त ग्रेन म्हणजे काडतुसात जास्त दारू, जास्त जोर." विक्रेत्याचं हे वाक्य मी डोळे मिटून खरं मानलं आणि रायफलच्या .308 विंचेस्टर काडतुसांच्या 168 ग्रेनच्या डब्यांना 150 वाल्यापेक्षा बरेच जादा पैसे मोजले.

ग्रेन हे वजनाचं माप. एका ग्रॅममध्ये साधारण 15.43 ग्रेन. डब्यावरचा आकडा गोळीच्या वजनाचा असतो, दारूचा नाही. आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, तिथेच घोळ होतो. खरी गोळी म्हणजे नळीतून उडणारा तेवढाच टोकाचा भाग. या काडतुसात दारू असते गोळीच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास. त्याच जातीची दारू असेल तर जड गोळीमागे ती उलट थोडी कमीच घालतात, कारण जड गोळी जागची हलायला वेळ घेते आणि तोवर चेंबरमधला (काडतूस बसतं त्या जागेतला) दाब चढत जातो. एवढं ठाऊक असतं तर त्या वाक्यालाच मी उठून आलो असतो.

रेंजवर पहिली दोन काडतुसं ठीक गेली. तिसऱ्याला खांद्याला वेगळाच दणका बसला आणि बोल्टची (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ वर उचलेना. प्रशिक्षक ओरडले, "थांब! पुढचं भरू नकोस." नळी निशाण्याकडेच ठेवून त्यांनी बोल्ट कसाबसा उघडला आणि केसचं, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्याचं, बूड माझ्यासमोर धरलं. बुडातली ठिणगी देणारी टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरलेली, पितळेवर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा. दाब मर्यादेपलीकडे गेल्याच्या या खुणा.

मग उरलेला डबा पाहिला. डबा कंपनीचा, पण काडतुसांच्या बुडांवर शिक्के तीन निरनिराळ्या कारखान्यांचे! वापरलेल्या केस गोळा करून घरी भरलेला माल नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. प्रशिक्षकांनी पाच काडतुसं सोडवून तोलली. गोळ्या 168 च्याच होत्या. दारूत मात्र सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात चार ग्रेनचा फरक. म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम, आणि तेवढ्याने बोल्ट अडकला.

डबा घेताना तो उघडून प्रत्येक बुडावरचा शिक्का बघाच. विकणारा ग्रेनला दारूचं माप म्हणत असेल, तर त्याच्याकडून एकही काडतूस घेऊ नका.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "जोर जास्त हवा होता ना तुम्हाला?" रायफल अजून तपासणीला कारागिराकडेच आहे.